चौदाव्या आठवड्याला दोघांनाही बोलवा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत बोरिवली-मुलुंडच्या बहुमजली इमारतींतही टिकून आहे. सव्वा महिना झाला तरी बाळंतीण लगेच परतत नाही. तीन महिने सहज होतात. तोवर रात्री आजी उठते, मालिशवाली येते, शेक-शेगडी होते. बाबा रविवारी येतो, बाळाला थोडा वेळ मांडीवर घेतो आणि संध्याकाळच्या लोकलने परततो. मग बाळ-बाळंतीण अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या वन-बीएचकेत येतात. बाळ कशासाठी रडतंय हे एव्हाना तिला कळू लागलेलं असतं. त्याला ते आता शिकायचं असतं, तेही सकाळची गाडी सांभाळून, आईवडिलांच्या देखत. ‘तुला साधं झोपवताही येत नाही’ आणि ‘तू मला हात तरी लावू देतेस का?’ ही वाक्यं समुपदेशकांना नवी नाहीत. ती बहुधा या परतीनंतरची असतात.

आपल्याकडच्या जोडप्यांसाठी कार्यक्रम आखताना ही वेळ विसरून चालणार नाही. अमेरिकेत कॅरोलिन आणि फिलिप कोवान या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने भावी आईबाबांचे गट चालवले. प्रसूतीआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने जोडपी दर आठवड्याला भेटत. हे काम मोलाचं आहे. पण ते जसंच्या तसं उचललं, तर गट संपेल तेव्हा कुठे आपलं जोडपं एका छताखाली आलेलं असेल.

म्हणून लसीकरणाच्या वेळापत्रकाकडे बघा. सहाव्या आणि दहाव्या आठवड्याची लस बहुतेकदा माहेरजवळ होते. चौदाव्या आठवड्याला, पेंटाव्हॅलंटच्या तिसऱ्या डोसला, पुष्कळ जणी सासरी आलेल्या असतात. त्या दिवशी दवाखान्यात काय दिसतं? आईच्या कडेवर बाळ, सासूबाईंच्या हातात पिशवी आणि फाइल धरून दाराबाहेर उभा असलेला नवरा. त्याला आत बोलवावं, एवढीही सोय आपण ठेवलेली नाही. दिल्लीत कर्मचारी राज्य विमा योजनेच्या दवाखान्यांत ‘मेन इन मॅटर्निटी’ या प्रयोगात गरोदर पत्नीसोबत पतीलाही समुपदेशनाला बोलावलं, तेव्हा एकत्र निर्णय घेण्याचं प्रमाण वाढलं. त्याच योजनेची रुग्णालयं अंधेरी, कांदिवली आणि मुलुंडमध्ये आहेत.

रजेबद्दलही बोला. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने पितृत्व रजा मिळत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मात्र 15 दिवस मिळतात आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती घेता येते. प्रसूतीच्या वेळी गरज नसेल, तर ती बाळ घरी येईल तेव्हासाठी राखून ठेवायला सांगा.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या गोव्यातल्या अभ्यासात 23 टक्के मातांमध्ये प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळलं, आणि पतीकडून होणारी हिंसा हा त्यातला एक महत्त्वाचा धोका होता. तेव्हा जोडप्याला एकत्र बसवण्याआधी तिच्याशी एकटीशी बोला, सासूबाईंनाही बाहेर थांबवून. मारहाण असेल तर संयुक्त समुपदेशन थांबवा आणि तिला ‘दिलासा’ केंद्राचा पत्ता द्या. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली सुरू झालेली ही सेवा आता महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही आहे.

प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिकांना आमची विनंती आहे: पुढच्या लसीची तारीख कार्डावर लिहाल, तेव्हा ‘बाबांनीही यावे’ हे शब्द सोबत लिहा, आणि त्या दिवशी दोघांसाठी पंधरा मिनिटं मोकळी ठेवा.