दोर धरणारे हात टिकवूया

१५ एप्रिल २०२३च्या पहाटे बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळाजवळ, एक बस दरीत कोसळली. पुण्यात वादन करून मुंबईला परतणारं ढोलताशा पथक तिच्यात होतं. १३ जण गेले. बाकीच्यांना दोर लावून वर काढलं. त्या दोरांवर पोलिसांच्या आणि महामार्गाच्या माणसांबरोबर खोपोलीचे गिर्यारोहक होते, आसपासचे लोक होते. त्यांना या कामाचा पगार मिळत नाही. फोन आला की ते अंथरुणातून उठून निघतात.

तीनच महिन्यांनी इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला रस्ता नाही, मुसळधार पाऊस, रात्रीचा अंधार. तेव्हाही हीच मंडळी पायवाटेने चढली. त्याआधी, जुलै २०१८मध्ये, आंबेनळी घाटात ३० जणांचा जीव गेला, तेव्हा खोल दरीतून मृतदेह वर आणायला महाबळेश्वर-पोलादपूरचे ट्रेकर उतरले होते.

राज्यात १०८ची सेवा २०१४पासून आहे. ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण रुग्णवाहिका रस्त्यावर थांबते. रस्त्यापासून दरीच्या तळापर्यंतचं अंतर या स्वयंसेवकांचं आहे. मोठी रक्तवाहिनी फाटली, तर माणूस काही मिनिटांत हातचा जातो. तेवढ्यात कुणीतरी खाली पोहोचून जखम दाबून धरायची असते, मान न हलवता जखमीला स्ट्रेचरवर घ्यायचं असतं.

अशी पथकं एका दिवसात मोडत नाहीत. ज्यांनी ती उभारली त्यांचे गुडघे दुखू लागतात, तरुण पोरं नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात, ऑक्सिजनचा सिलिंडर भरायचा राहून जातो. मग मंगळवारी दुपारी बाराला फोन येतो आणि गावात कुणीच नसतं. आपण आजवर शाल-श्रीफळ खूप दिलं. आता त्यांच्याबरोबर बसून पुढच्या पाच वर्षांचा आराखडा कागदावर आणूया.

सगळ्यात अवघड प्रश्न त्या मंगळवारच्या दुपारचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच व्हावी. खोपोलीच्या पट्ट्यात कारखाने आहेत. रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा घरी असतो. पाळ्यांचा तक्ता घेऊन बसलं तर दिवसाचं पथक त्यातूनच उभं राहील. कामावर असलेल्यांसाठी कारखानदारांनी एवढंच लिहून द्यावं, की फोन आला तर माणूस निघेल आणि त्याची हजेरी कापली जाणार नाही. हे एक पत्र दहा सत्कारांहून मोलाचं ठरेल.

दुसरी गोष्ट विम्याची, आणि ती मला फार बोचते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ आलं. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर खटल्याची टांगती तलवार आता नाही. पण मदत करताना तोच दरीत पडला तर? इर्शाळवाडीची चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराने मृत्यू आला. ते सरकारी सेवेत होते. स्वयंसेवकाच्या घरच्यांमागे कोण उभं राहणार? अपघात विमा आणि वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, हा खर्च नगरपालिकेने आणि कंपन्यांनी उचलायलाच हवा. दोर झिजतात, त्यांनाही ठरलेलं आयुष्य असतं. ते बदलण्याचा निधी दरवर्षी वेगळा काढावा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाशी लेखी करार असावा, म्हणजे घटनास्थळी कुणाचं ऐकायचं यावर वाद घालत बसावं लागणार नाही.

तरुणांनो, तुम्ही यावं. सगळ्यांनीच दरीत उतरायची गरज नाही. फोन घेणारा लागतो, गाडी चालवणारा लागतो, हिशेब ठेवणारा लागतो. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी महिन्यातला एक रविवार प्रथमोपचार शिकवायला द्यावा. ताईंनो, तुम्हीही या. जखमींत बायका-मुलंही असतात, आणि अशा वेळी जवळ बाईमाणूस असलं की त्यांना धीर येतो.

मृग लागायच्या आत प्रत्येक घाटाच्या पायथ्याच्या गावाने एक बैठक घ्यावी. सरपंच, नगरसेवक, कारखान्याचे व्यवस्थापक, १०८चे डॉक्टर, पोलीस आणि पथकातली पोरं एकाच सतरंजीवर बसावीत. उठण्याआधी दुपारच्या पाळीची नावं लिहून झालेली असावीत.