खांब बघून पट्टा घ्या!

वळवाचा एक सडाका आला की आपल्याकडे पहिल्यांदा जाते ती लाईट, आणि लाईट गेली की पहिल्यांदा आठवतो तो वायरमन. एरवी त्याची आठवण कुणाला नसते. राज्य वीज मंडळ जाऊन ६ जून २००५ ला महावितरण आले, पण गावात तो अजून 'बोर्डाचा वायरमन'च. त्याला फोन लावायचा, पाच मिनिटांत आला नाही तर दुसरा लावायचा, तिसऱ्या फोनला आवाज चढवायचा, हे आपल्याला चांगले जमते. तो आल्यावर खांबावर कशाच्या आधाराने चढतो, हे मात्र आपण मान वर करून कधी बघत नाही. वाचकहो, आज तेवढेच बघू या.

खांबावरच्या माणसाला मरण दोन बाजूंनी असते. एक वर तारेत, दुसरे खाली जमिनीवर. तारेची भीती सगळ्यांना कळते. पण जो हलका झटका जमिनीवर बसला तर माणूस हात झाडून मोकळा होतो, तोच झटका वीस फुटांवर बसला की हात सुटतो. मग करंटने सोडले तरी जमीन सोडत नाही. म्हणून चढायच्या सामानाला महत्त्व.

कायद्यात यात काही कमी आहे, असे नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही लाईनवर काम करणाऱ्याला हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, अर्थिंगचे साधन, हेल्मेट द्यावे, असे सांगितले होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत तेच आले, आणि त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे नियम आले. सामान द्यायचे एवढेच नव्हे, तर ते कायम चांगल्या, वापरण्याजोग्या अवस्थेत ठेवायचे, हेही त्यात आहे. मग अडते कुठे? अडते ते निवडीत. खरेदीच्या यादीत 'सेफ्टी बेल्ट – नग अमुक' एवढीच ओळ लिहिली, की दुकानदार त्याच्याकडचा स्वस्तात स्वस्त पट्टा देतो. यादी पुरी होते, बिल निघते आणि पट्टा खुंटीला लटकतो. वायरमन आपला जुना दोर खांद्यावर टाकून चढतो. का? तर नवा पट्टा त्याच्या कामाचाच नसतो!

आपण शेतकरी माणसं. बैलाचे जू करायचे तर सुतार आधी बैलाची मान बघतो. कोकणातला पाडेली माडावर चढताना पायात दोराचा फास घालतो, कारण माडाचा बुंधा गोल आणि खरबरीत असतो. तोच फास घेऊन त्याला आपल्या सिमेंटच्या चौकोनी खांबावर चढायला सांगा, दोन हातांवर गेला तरी खूप! अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तसा खांब पाहून पट्टा घ्यावा.

खांबाच्या तऱ्हा तीन, सामान एक कसे चालेल?

आपल्या जिल्ह्यात सिमेंटचा खांब आहे, आय आकाराच्या लोखंडी गर्डरचा आहे, आणि कुठे कुठे जुना रुळाचाही आहे. परदेशातल्या चित्रांत वायरमन बुटाला टोकदार खिळे बांधून सरसर चढताना दिसतो. ते लाकडी खांबाचे सामान. आपल्या सिमेंटला ते खिळे घुसत नाहीत आणि लोखंडावरून घसरतात. सामान 'इम्पोर्टेड' आहे म्हणून भुलू नये, ते एवढ्यासाठी.

सिमेंटचा खांब खाली रुंद, वर निमुळता. खांबाला गुंडाळायचा पट्टा बुडाशी बेताचा बसला, तर वर गेल्यावर सैल होतो. म्हणून एका हाताने लांबी कमी-जास्त करता येईल असाच पट्टा पाहिजे. शिवाय कडा धारेच्या, त्या सुती किंवा नायलॉनच्या दोराला रोज थोडे थोडे कापतात. तेव्हा पट्ट्याच्या खांबाला घासणाऱ्या भागावर जाड आवरण हवे. लोखंडी गर्डरची कड तर गंजून करवतीसारखी होते. आणि वाटेत क्रॉस आर्म आला की पट्टा सोडून त्याच्यावर नेऊन परत लावावा लागतो. तेवढा वेळ माणूस नुसत्या हातापायांवर असतो. म्हणून पट्टे दोन पाहिजेत. दुसरा लावल्याशिवाय पहिला सोडायचा नाही.

शिडीचेही तसेच. ॲल्युमिनियमची शिडी हलकी, उसातून खांद्यावर न्यायला बरी. पण ती स्वतःच करंट वाहून नेते, तारेजवळ तिचे काम नाही. कोरडा बांबू त्या मानाने बरा; पण पावसाने भिजला की त्याचाही भरवसा नाही. फायबरची शिडी महाग पडते, पण घ्यायची तर तीच घ्यावी. आणि शिडीचे वरचे टोक खांबाला बांधल्याशिवाय तिच्यावर काम करू नये.

कमरेचा पट्टा की पूर्ण हार्नेस?

इथे बऱ्याच ठिकाणी गफलत होते. नुसता कमरेचा पट्टा हा माणसाला खांबाशी धरून ठेवतो, दोन्ही हात मोकळे करतो. पडणाऱ्याला झेलण्यासाठी तो नसतो. ढिला असताना माणूस निसटला तर सगळा हिसका कमरेवर आणि मणक्यावर येतो. म्हणून छाती-मांड्यांवर भार वाटून घेणारा पूर्ण हार्नेस चांगला, यात वाद नाही.

पण हार्नेस म्हणून बाजारात जो सर्रास मिळतो, तो इमारतीच्या बांधकामाचा. त्याला कडी फक्त पाठीवर. खांबावर काम करायचे तर कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी पाहिजे, म्हणजे पट्टा खांबाभोवतून घेऊन दोन्हीकडे अडकवता येतो. बाजूच्या कड्या नसलेला हार्नेस वायरमनला देणे म्हणजे नांगरटीला शर्यतीची बैलजोडी देणे. दिसायला झकास, कामाला नाही.

आता जरा हिशेब बघा. आठ मीटरच्या खांबाचा दीड मीटर जमिनीत, साडेसहा मीटर वर. समजा, वायरमनचे पाय पाच मीटरवर आहेत. बांधकामाच्या हार्नेसचा मागचा दोर, ज्याला दुकानदार लॅनयार्ड म्हणतो, साधारण १.८ मीटरचा. हिसका बसू नये म्हणून त्याला जी उसवत जाणारी घडी असते, ती पुरी सुटली तर आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत माणूस दीड मीटर. बेरीज झाली पाच मीटरच्या वर! म्हणजे त्याने हूक पायाजवळ अडकवला असेल, तर दोर आपले काम चोख करेल आणि माणूस तरीही जमिनीवर आपटेल. उंच इमारतीवर जीव वाचवणारे सामान आपल्या बुटक्या खांबावर कमी पडते, ते असे. म्हणून हूक नेहमी डोक्यावर अडकवायचा, दोर आखूड ठेवायचा, आणि मुख्य भिस्त खांबाभोवतीच्या पट्ट्यावर ठेवायची. पाय घसरताच खांबाला आवळून बसणारे पट्टेही आता निघाले आहेत. अमेरिकेत १ एप्रिल २०१५ पासून खांबावर चढता-उतरतानाही असा काही आधार लावण्याचा नियम झाला, तेव्हा तिकडच्या लाकडी खांबांवर ते रुळले. आपल्या चौकोनी सिमेंटच्या खांबावर ते तसेच आवळतील, हे गृहीत धरू नका. एक नमुना मागवा, जमिनीपासून दोन फुटांवर लावून बघा, मगच ऑर्डर द्या.

पट्ट्यावर आय.एस. ३५२१ ची खूण आणि बनवल्याची तारीख बघावी. उन्हाने, घामाने, ग्रीसने पट्टा आतून कुजतो. शिवण उसवली की तो गेला. आणि ज्या पट्ट्याने एकदा पडणाऱ्याला झेलले, तो धडधाकट दिसला तरी कापून टाकावा. माप हाही मुद्दा आहेच. महावितरणमध्ये आज महिला तंत्रज्ञही आहेत. पैलवानाच्या मापाचा हार्नेस त्यांच्या अंगावर लोंबणार. लोंबता हार्नेस बिनकामाचा.

पट्ट्याच्या आधी खांब

एक गोष्ट कुठलाच पट्टा सांभाळत नाही, ती म्हणजे खुद्द खांब पडणे. उलट, पट्टा माणसाला त्या पडत्या खांबाशी बांधून ठेवतो! २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै शिरोळ, हातकणंगले, करवीर विसरलेले नाहीत. पाणी ओसरले तेव्हा किती खांब कलले होते, किती बुडाशी मोकळे झाले होते, ते आपण डोळ्यांनी पाहिले. त्या दिवसांत बोटीतून जाऊन लाईन जोडणारे हेच लोक. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, आजरा भागात पाऊस आणि झाडे यांनी वेगळीच परीक्षा. तेव्हा चढण्याआधी बुडाची माती बघणे, लोखंडाचा गंज जमिनीच्या रेषेत खरवडून बघणे, सिमेंटची चीर आणि ताणाची तार बघणे हे पहिले काम. बूड शंकेचे असेल तर चढूच नये. आधी खांबाला टेकू-ताण द्यावा.

आणि करंटचे सामान हे चढायच्या सामानाचे सख्खे भावंड. हातमोजे कुठल्या दाबाचे, हे त्यांच्यावर छापलेले असते. चारशे व्होल्टचे मोजे घालून अकरा केव्हीला हात लावता येत नाही. वापरण्याआधी मोज्यात हवा भरून, तोंड आवळून छिद्र तपासावे; याला खर्च शून्य. लाईन बंद केली, टेस्टरने तपासली, दोन्ही बाजूंनी अर्थिंग केले, मगच चढायचे. आपल्या इन्व्हर्टरचा किंवा जनरेटरचा करंट चुकीच्या जोडणीतून उलटा लाईनवर जातो, हेही ध्यानात ठेवा. तिकडे डीपी बंद, परमिट घेतलेले, आणि मारेकरी आपल्या घरात!

शेवटचे सामान म्हणजे खाली उभा असलेला दुसरा माणूस. हार्नेसमध्ये लटकून राहिलेल्याचे रक्त मांड्यांच्या पट्ट्यांमुळे पायात साचते. त्याला काही मिनिटांत खाली घ्यावे लागते. एकटा चढलेला वायरमन कितीही भारी पट्टा लावून गेला, तरी त्याला उतरवणार कोण?

आपले गाव, आपला पोरगा

महावितरणला बोल लावणे सोपे आहे. पण वाचकहो, गावातल्या दिवाबत्तीचे काय? खांब महावितरणचा, दिवा पंचायतीचा, आणि जीव चढणाऱ्या पोराचा! बल्ब गेला की सरपंच कुणाला तरी सांगतात, 'चढ की रं, दोन मिनिटांचं काम हाय.' गणपतीत, जत्रेत मंडळाची पोरं माळा लावायला अनवाणी चढतात. आणि 'झिरो वायरमन' हा शब्द तर गावोगावी सगळ्यांना ठाऊक आहे. ना नेमणूक, ना विमा, ना पट्टा. उसाला पाणी द्यायचे अडले, रात्रीचा फ्यूज गेला, की आपणच त्याला मोटारसायकलवर बसवून डीपीकडे नेतो. तो पडला तर कागदावर तो तिथे नव्हताच.

तेव्हा करायचे काय, तेही सांगतो. पहिले, येत्या ग्रामसभेत ठराव करा: महावितरणला कळवून लाईन बंद केल्याशिवाय, परवानाधारक माणसाशिवाय आणि पूर्ण सामानाशिवाय गावात कुणी खांबावर चढणार नाही. पंचायतीने दोन संच घ्यावेत. यादीत 'सेफ्टी बेल्ट – नग २' लिहू नका. असे लिहा: बाजूला दोन आणि पाठीला एक कडी असलेला पूर्ण हार्नेस, लांबी बदलता येणारे, घासपट्टीचे, खांबाभोवती घ्यायचे दोन पट्टे, हनुवटीच्या पट्ट्याचे हेल्मेट, फायबरची शिडी. ज्याला चढायचे आहे त्याला दुकानात न्या, घालून बघू द्या.

दुसरे, महावितरणच्या उपविभागांनी हेच करावे. निवड करताना टेबलापाशी दोन-तीन अनुभवी वायरमन बसवावेत आणि प्रत्येक तऱ्हेच्या खांबावर नमुना लावून बघावा. कंत्राटी कामगाराला कंत्राटदाराच्या मर्जीचा पट्टा आणि कायम माणसाला दुसरा, हे चालणार नाही. तार दोघांना सारखीच धरते. दरवर्षी ४ मार्चला लाईनमन दिवस होतो, गुलाबाची फुले दिली जातात. द्यावीत. पण फुलाबरोबर त्याचा पट्टा हातात घेऊन त्याची शिवणही बघावी.

तिसरे काम तुमचे-माझे. वायरमन वर असताना खालून घाई करू नका. तो म्हणाला, 'शिडी आणतो, माणूस बोलावतो, तोवर चढत नाही,' तर त्याला कामचुकार म्हणू नका. अर्धा तास अंधारात बसलो तर आपले फार तर दूध नासेल, मोटर थोडी उशिरा सुरू होईल. आणि त्याने पट्टा न लावताच चढायला घेतले, तर आवाज चढवायचा तो तेव्हा चढवा: 'अहो वायरमन, खाली या. आधी पट्टा लावा!'