वरातीमागून नकाशा नको

चैत्र-वैशाखात मराठवाड्याच्या आकाशात अवकाळीचे ढग जमू लागले की येथील माणसाची नजर प्रथम शिवाराकडे आणि मग घरावरच्या पत्र्यांकडे वळते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली गारपीट लातूर-नांदेडकर अद्याप विसरलेले नाहीत. अशा प्रत्येक संकटानंतर पिकांच्या नुकसानीची चर्चा विधिमंडळापर्यंत पोहोचते. उडालेल्या छपराची आणि खचलेल्या भिंतीची कथा मात्र पंचनाम्याच्या कागदातच मिटून जाते.

या कागदाचे मोल काय आहे, ते नीट समजून घेतले पाहिजे. आपत्ती निवारण निधीतून द्यावयाच्या मदतीचे निकष केंद्र सरकारने २०२२ साली ठरवून दिले. त्यांनुसार सपाट प्रदेशात घर पूर्णतः नष्ट झाल्यास १ लाख २० हजार रुपये मिळतात. घर अंशतः पडले असेल, तर पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्या घरासाठी अवघे ४,००० रुपये. तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तरच. म्हणजे एका कुटुंबाने पुन्हा भिंती उभ्या करायच्या की ताडपत्रीखाली पावसाळा काढायचा, हे पंचनाम्यातील 'पूर्णतः' वा 'अंशतः' या एका शब्दावर ठरते. तो शब्द लिहिणारा तलाठी (२०२४ पासून त्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) अनेक गावांचा भार वाहत घाईघाईने दारोदार फिरत असतो. छपराचे १५ टक्के गेले की १२, हे त्याने नुसत्या नजरेने कसे ठरवावे? आणि ज्याचा गावात कोणी वाली नाही, त्याच्या दारापर्यंत पंचनामा वेळेत पोहोचेलच, याची हमी कोणी द्यावी?

येथे नकाशाची संगणकप्रणाली उपयोगी पडते. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी 'इस्रो'ने सोडलेला 'कार्टोसॅट-३' हा उपग्रह जमिनीवरील सुमारे पाव मीटरपर्यंतचा तपशील टिपतो. ड्रोनचे छायाचित्र त्याहून स्पष्ट असते. वादळापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र संगणकावर एकावर एक ठेवले की कोणत्या घराचे किती छप्पर गेले, याचे क्षेत्रफळ मोजता येते. 'क्यूजीआयएस'सारखी प्रणाली तर विनामूल्य उपलब्ध आहे. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून कार्यरत आहे. साधनांची वाण नाही.

तथापि यंत्राच्या मोहात पडून एक सत्य विसरता कामा नये. आकाशातून छत दिसते, भिंत दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद कोसळल्यामुळे. असे माळवद असलेली घरे आजही आपल्या खेड्यांत आहेत. वादळी पावसात माळवद भिजून जड होते, भिंत आतून फुगते, सर खचतो. वरून काढलेल्या छायाचित्रात मात्र ते घर शाबूत दिसते. शेजारच्या घराचे पत्रे उडालेले त्याच छायाचित्रात ठळक उठून दिसतात. २०१० च्या जानेवारीत हैती देशात झालेल्या भूकंपानंतर जगभरच्या तज्ज्ञांनी हवाई छायाचित्रांवरून पडझडीची नोंद केली, तेव्हा हीच मर्यादा प्रत्ययास आली. खालचा मजला चेपून छत अखंड खाली बसले, तर वरून काहीच कळत नाही. म्हणून छपराचा हिशेब आकाशातून व्हावा आणि भिंतीचा उंबरठ्यावरून.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नुकसान म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' यांतील अंतर. 'आधी'ची नोंदच नसेल, तर 'नंतर'चे छायाचित्र कितीही सुस्पष्ट असले तरी व्यर्थ आहे. शेताला सातबारा असतो. गावठाणातील घराला मात्र पिढ्यान्पिढ्या मोजणीचा कागद नव्हता. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेने ही उणीव भरून काढण्यास प्रारंभ केला. ड्रोन उडण्यापूर्वी गावकऱ्यांसमक्ष घरांच्या हद्दींवर चुना टाकला जातो आणि त्या पांढऱ्या रेषा नकाशात उतरतात. मालकीसाठी तयार झालेला हा नकाशा आपत्तीच्या कामीही जुंपला पाहिजे. प्रत्येक घरासमोर भिंत कशाची, छत कशाचे, बांधकाम किती जुने, एवढी चार शब्दांची नोंद वादळापूर्वीच जोडली, तर पंचनाम्याचे अर्धे काम आधीच झालेले असेल.

हे काम केवळ शासनावर सोपवून चालणार नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे. लातूरमध्ये शिक्षणासाठी साऱ्या महाराष्ट्रातून विद्यार्थी येतात. सुटीच्या एका महिन्यात दहा विद्यार्थ्यांनी एक गाव दत्तक घेऊन ही नोंद पुरी केली, तर त्यांच्या विद्येला समाजाचे ऋण फेडण्याची संधी लाभेल. किल्लारीनंतरच्या घरदुरुस्तीत गावातील स्त्रियांनी 'संवाद सहायक' म्हणून शासन आणि ग्रामस्थ यांच्यात दुवा साधला होता. तो अनुभव आपल्याच भूमीतील आहे.

आणखी एक पथ्य पाळावे. संगणकाने काढलेली नुकसानीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी आणि हरकतीला मुदत मिळावी. आजवर 'साहेबांनी लिहिले' म्हणून अन्याय सोसलेल्या माणसाला उद्या 'संगणकाने सांगितले' म्हणून परतावे लागले, तर बदलले काय?

पुढचे वादळ तिथी पाहून येणार नाही. ते येऊन गेल्यावर नकाशे काढत बसणे म्हणजे वरातीमागून घोडे नाचविणे होय. आपल्या गावठाणाचा नकाशा झाला आहे का आणि त्यात आपल्या शेजारच्या निराधार म्हातारीचे घर उमटले आहे का, एवढे प्रत्येकाने येत्या ग्रामसभेत विचारले तरी पुरे. तेथूनच कामाला आरंभ होईल.