लाड कमी, हवा जास्त

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. शुक्रवार, संध्याकाळचे साडेचार. शेजारच्या क्युबिकलमधल्या माझ्या मैत्रिणीला एचआरने 'पाच मिनिटं जरा ये' म्हणून बोलावलं. पाचाची वीस मिनिटं झाली आणि ती परत आली ती रिकामा खोका घेऊनच. कॉफीचा मग, स्टेपलर, लेकीचा फोटो, एसीत घालायची शाल, सगळं त्यात गेलं. राहिलं फक्त डेस्कवरचं ऑर्किड. पांढऱ्या फुलांचं, ऐटबाज. एकाच दांडीवर ओळीने फुलपाखरं बसावीत तसं. ते खोक्यात मावेना. तिने ते उचलून माझ्या डेस्कवर ठेवलं आणि म्हणाली, "याला मारू नकोस गं."

मी नुसती मान डोलावली. अशा वेळी काय बोलायचं असतं, हे कुठल्याच इंडक्शन प्रोग्रॅममध्ये शिकवत नाहीत.

आता खरं सांगते. माझा बागकामाचा एकूण अनुभव म्हणजे एक मनी प्लान्ट आणि एक तुळस, तीही आई राहायला आली की टवटवीत होणारी. पण या वेळी मामला वेगळा होता. ही कुणाची तरी ठेव होती. मी झाड कोथरूडच्या फ्लॅटवर आणलं आणि चक्क प्रोजेक्ट सुरू केला. सिरॅमिकची देखणी कुंडी आणली (बुडाला भोक नसलेली, म्हणजे फर्निचर खराब नको व्हायला!). मोबाईलवर रोज सकाळी आठचा रिमाइंडर. ग्लासभर पाणी, तेही आरओ प्युरिफायरमधून वाया जाणारं. म्हटलं, तेवढंच पर्यावरणाचंही पुण्य.

एप्रिलमध्ये फुलं एकेक करून गळली. मग पानं मऊ पडली, सुरकुतली. मी म्हटलं, उन्हाळाय, तहान लागली असणार. ग्लासाचे दोन ग्लास झाले. पानं आणखी लोळली.

मैत्रिणीला फोन करायचं रोज मनात यायचं. पण तिचा पहिला प्रश्न झाडाचाच असणार. आणि झाडाचं सोडा, तिची नोकरी गेली आणि माझी राहिली, यावर बोलायचं तरी काय? मग मी फोन करायचं टाळत गेले. आधी आठवडा, मग महिना.

मे महिन्यात आई संगमेश्वरहून आली, आंब्याची पेटी घेऊन. कुंडीकडे बघून म्हणाली, "अगं, हे आपल्या आंब्यावर सीतेची वेणी येते ना, त्यातलंच काहीतरी दिसतंय. तिला कोण पाणी घालतं रोज?"

मी गप्प. सीतेची वेणी मला चांगली आठवत होती. मागच्या दारच्या आंब्याच्या खोडाला चिकटलेली जाड पट्ट्यांसारखी पानं, आणि मे-जूनमध्ये लोंबणारे गुलाबी-पांढरे गजरे. शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेटुसा. आसामात हेच कपौ फूल, तिथल्या मुली बिहूला केसांत माळतात. लहानपणी मी त्याला बांडगूळ समजायचे. पण बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ऑर्किड फक्त बसायला जागा मागतं. बाकी पाऊस, वारा आणि फांदीवर साचलेला पालापाचोळा यांच्यावर त्याचं भागतं.

आईने झाड सरळ कुंडीतून उपसलं. आत भयंकर प्रकार. मुळं तपकिरी, लिबलिबीत, कुबट वासाची. दाबली की साल हातात आणि मध्ये नुसता दोरा. धड मुळं उरली होती तीन.

तेव्हा कुठे फंडा क्लिअर झाला. दुकानात सर्रास मिळणारं हे ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस. तेही मूळचं झाडांवरच राहणारं. त्याच्या मुळांवर स्पंजासारखा थर असतो. पाऊस आला की तो पाणी पिऊन घेतो, वारा सुटला की वाळतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती सतत पाण्यात राहिली की गुदमरून कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पानं सुकतात. म्हणून आपण आणखी पाणी घालतो. थोडक्यात, पाण्यात बसून झाड तहानेने मरतं!

या वेडेपणात मी एकटी नाही बरं का. एकोणिसाव्या शतकात इंग्रज श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं होतं. उष्ण देशातली झाडं म्हणून त्यांनी ती बंद, कोंदट, वाफेने भरलेल्या काचघरांत ठेवली आणि ती ढिगाने मेली. चॅट्सवर्थच्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३० च्या दशकात खिडक्या उघडून हवा खेळती केली, तेव्हा तिथली झाडं तगू लागली. याच चॅट्सवर्थसाठी जॉन गिब्सन १८३५ मध्ये भारतात आला आणि खासी टेकड्यांमधून ऑर्किडं घेऊन गेला. लाडाने मारायची परंपरा जुनी आहे.

तर आम्ही मायलेकींनी ऑपरेशन केलं. कात्री गॅसवर तापवून गार केली, कुजकी मुळं कापली आणि फक्त कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली. (चांगल्या मुळांना लावू नका, ती कोरडी पडतात.) कुंडी चार इंची, पारदर्शक प्लास्टिकची, बुडाला आणि बाजूंना भोकं पाडलेली. पारदर्शक अशासाठी की आतली मुळं दिसतात. भरायला लाकडी कोळशाचे आणि विटांचे सुपारीएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडण आधी दोन दिवस भिजवायचं, पाणी बदलत राहायचं, म्हणजे त्यातले क्षार निघून जातात. माती अजिबात नाही. तीन मुळांवर झाड उभं राहीना, म्हणून काडीला बांधलं.

रिमाइंडर डिलीट केला. त्याऐवजी बघायची सवय लावली. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असली की नाही. उन्हाळ्यात ही वेळ चार-पाच दिवसांनी येते, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनीही. सकाळी सिंकमध्ये धरून भरपूर पाणी द्यायचं, पूर्ण निथळू द्यायचं. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर टिशूने टिपायचं, नाहीतर झाड मधूनच कुजतं. आरओचं वाया जाणारं पाणी बंद, कारण त्यात क्षार ठासून भरलेले असतात. पावसाचं पाणी मिळालं तर बेस्ट. पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरला जेमतेम चिमूटभर, तेही मुळं आधी ओली करून. जागा पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड. पानं गडद हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय, पिवळट-लालसर झाली तर जास्त होतोय.

आणि मग? मग काहीच नाही. जून, जुलै, ऑगस्ट. दर सोमवारी स्टेटस रिपोर्ट मागणाऱ्या आमच्या जमातीला हे फार जड जातं, पण मी कुंडीला हात लावला नाही. सप्टेंबरात एक नवं पान आणि दोन नवी मुळं आली, हिरव्या टोकांची.

फॅलेनॉप्सिसला कळी धरायला रात्रीचा गारवा लागतो, काही आठवडे २० अंशांच्या आसपास. पुण्याची थंडी इथे कामाला आली. नोव्हेंबरभर रात्री खिडकी थोडी उघडी ठेवली. (मुंबई-ठाणेकरांनो, तुमच्याकडे डेंड्रोबियम लावा. त्याला उकाडा आणि दमटपणा मानवतो, फक्त उजेड जास्त द्या.) डिसेंबरच्या शेवटी पानाखालून एक टोक बाहेर आलं. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं. हे लहान बाळाच्या हातमोज्यासारखं होतं. फुलाचा दांडा! मी आईला व्हिडिओ कॉल करून दाखवला. ती म्हणाली, "बरं. आता कौतुक करत त्याला सारखी फिरवू नकोस."

मार्चपर्यंत आठ कळ्या झाल्या. आणि तेव्हाच आईने हंगामातली पहिली हापूसची पेटी पाठवली. मी ती ठेवली कुठे, तर कुंडीच्या शेजारी. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या गळतात, हे मला तीन कळ्या पिवळ्या पडून खाली आल्यावर कळलं. पेटी तडक स्वयंपाकघरात. उरलेल्या पाच कळ्या फुलल्या.

त्या संध्याकाळी फोटो काढला. पाठवणार होते. मग वाटलं, वर्षभराने नुसता फोटो काय पाठवायचा? फोन केला.

"जिवंत आहे?" हाच तिचा पहिला प्रश्न.

"पाच फुलं आलीत," मी म्हटलं.

थोडा वेळ दोघीही गप्प. मग ती म्हणाली, "सहा महिने घरी होते मी. ऑफिसमधल्या एकीचाही फोन आला नाही. तुझा येईल असं वाटलं होतं."

यावर मी झाडाचं कारण सांगितलं नाही. सॉरी म्हटलं.

रविवारी ती लेकीला घेऊन आली. आता एका छोट्या कंपनीत आहे, पगार थोडा कमी, पण बरी आहे. मी म्हटलं, झाड घेऊन जा. नको म्हणाली, तिच्या खिडकीत पश्चिमेचं कडक ऊन येतं. जाताना कुंडी वर उचलून तिने मुळं बघितली. "अजून हिरवी आहेत. पाणी परवा घाल."

ऑर्किडला आपण विसरलो तरी आठवडाभर चालतं, उलट बरंच असतं. मैत्रिणीचं गणित वेगळं आहे. तो सकाळी आठचा रिमाइंडर मी पुन्हा लावलाय, दर रविवारचा. तिच्या नावाने.