हिशेबाची वही : गालिचा धुण्याचे यंत्र आणि आपली गाडी



गाडीत यंत्र बसवून गालिचे, सोफे धुण्याचा धंदा करावा काय, आणि करायचाच तर यंत्र कोणते घ्यावे, अशी विचारणा आमच्याकडे अलीकडे वरचेवर होते. विचारणारे बहुतेक तरुण ठेकेदाराकडे हाऊसकीपिंगचे काम करणारे आहेत. काम त्यांना उत्तम येते. डाग चहाचा की तेलाचा, हे ते लांबून सांगतील. पण यंत्र ठेकेदाराचे, गाडी ठेकेदाराची आणि बिलही ठेकेदाराच्या नावाचे. म्हणून या खेपेस हाच विषय घेतला आहे.

या तरुणांनी मोबाईलवर अमेरिकेतल्या गाड्या पाहिलेल्या असतात. त्या गाडीत मागे मोठे यंत्र पक्के बसवलेले असते. ते गाडीच्याच इंजिनावर चालते, नाही तर त्याला स्वतःचे वेगळे इंजिन असते. इंजिनाच्या उष्णतेवर पाणी तापते. एक बारीक नळी गरम पाणी दाबाने गालिच्यावर मारते, दुसरी जाड नळी मळके पाणी लगेच ओढून गाडीतल्या टाकीत आणते. याला लोक ‘स्टीम’ म्हणतात, पण ती वाफ नव्हे, गरम पाणीच. आपल्या मुलांनीही गिऱ्हाईकाला वाफ सांगून जादा पैसे घेऊ नयेत. चौथे शील धंद्यालाही लागू आहे.

यंत्र झकास आहे, यात वाद नाही. पण ते तिथे का चालते, ते पाहा. तिथे बैठी किंवा एकमजली घरे पुष्कळ, खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, आणि गाडी थेट दारात लागते. आपल्याकडे ठाणे, कल्याण, पिंपरीचे गिऱ्हाईक सातव्या मजल्यावर राहते. नळी जितकी लांब आणि जितकी उंच न्यावी, तितका तिचा ओढा कमी होतो. घरात फरशी असते. धुवायचा असतो तो सोफा, गादी, दिवाणखान्यातला एखादा छोटा गालिचा. आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे गाडी उभी करायची जागा पुष्कळदा तळघरातल्या पार्किंगमध्ये. तिथे इंजिन तासभर चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो आणि मरतो. बंद जागेत इंजिनावर चालणारे कोणतेही यंत्र लावू नये, मग वॉचमनने परवानगी दिली असली तरी.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या शहरांत सुरुवात करणाऱ्याने लिफ्टमधून नेता येईल असे चाकाचे, विजेवरचे एक्स्ट्रॅक्टर यंत्र घ्यावे. जोडीला ओले-सुके दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम, सोफ्याचा छोटा हातपंजा आणि वाळवणीचा पंखा घ्यावा. पंख्यात काटकसर करू नका. सोफा धुऊन ओला सोडला की दोन दिवसांत कुबट वास येतो, आणि मग पुढचे काम मिळत नाही. यंत्राची मोटर, पाईप, ब्रश आपल्याच गावात मिळतात का, हे विकत घेण्याआधी पाहावे. चकचकीत कॅटलॉगपेक्षा जवळचा दुरुस्तीवाला मोलाचा.

आता गाडी. छोटी बंद व्हॅन पुरते. पाणी शक्यतो गिऱ्हाईकाच्या नळाचे घ्यावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोनशे लिटरची टाकी भरून फिरलात तर तीन धडधाकट माणसे फुकट बसवून हिंडवल्यासारखे आहे. शिवाय अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि गाडी ओढते. नडीला चाळीस लिटरचा घट्ट झाकणाचा कॅन असावा, एवढेच.

जड ते खाली आणि मागच्या चाकांच्या थोडे पुढे ठेवावे. दोन्ही बाजूंना वजन सारखे असावे. यंत्राला जाड पट्ट्याने दोन ठिकाणी बांधावे. ड्रायव्हरच्या पाठीमागे लोखंडी जाळी असलीच पाहिजे, कारण अचानक ब्रेक लागला की सुटे यंत्र पुढच्याच्या मानेवर येते. जे आधी उतरवायचे ते मागच्या दारापाशी असावे. यंत्र चढवायला फळी ठेवा. आज वाचवलेले दोन मिनिट चाळिशीत कमरेतून वसूल होतात. स्वच्छ टॉवेल आणि मळक्या नळ्या यांची कधी भेट होता कामा नये. नळ्यांना वेगळे झाकणाचे पिंप ठेवा. साबणाचे कॅन उभे, खोक्यात, मराठीत नाव लिहून ठेवावेत. आम्ल आणि ब्लीच एका खोक्यात ठेवू नका. दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. थंड पेयाच्या बाटलीत औषध भरण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. संध्याकाळी ती गाडी आपल्याच दारात उभी राहते आणि तिच्यात आपलीच पोरे खेळतात, हे लक्षात असू द्या.

विजेची वायर जाड, अर्थिंगची, आणि रिळावरून पूर्ण सोडलेली असावी. गुंडाळलेली वायर तापते. लोकरी गालिचा दिसला की आधी कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का पाहावे. लोकरीला कडक खाराचा साबण आणि फार गरम पाणी चालत नाही. भदोहीचा गालिचा बिघडवलात तर महिन्याची कमाई त्यात जाईल.

हिशेब असा मांडावा. समजा, जुनी व्हॅन आणि यंत्र मिळून चार लाखांचे कर्ज काढले, व्याज अकरा टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता सुमारे ८,७०० रुपये बसतो. यंत्र नव्वद हजारांचे धरले तर त्याचा घसारा महिना १,५०० बाजूला काढायचा. ही रक्कम खर्च करायची नसते, पुढचे यंत्र तिच्यातून यायचे असते. विमा आणि किरकोळ दुरुस्तीला १,८०० धरा. झाले १२,०००. एका सोफासेटमागे साबण, पेट्रोल जाऊन ६०० उरत असतील तर पहिले वीस सोफे नुसते याच्यातच गेले. तुमची मजुरी एकविसाव्यापासून. हे गणित आपल्या गावच्या दराने घरच्या माणसांसमोर मांडा, आणि पावसाळ्याचा महिना कामे निम्मी धरून मांडा.

आमच्या काही वडीलधाऱ्यांना हे लिखाण रुचणार नाही. “बाबासाहेबांनी झाडू सोडायला सांगितला, आणि तुम्ही पोरांना पुन्हा लोकांची घरे धुवायला पाठवता?” असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९२७ साली महाडला आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचे बिल मांडताना बाबासाहेब ज्याच्याविरुद्ध उभे राहिले, ती जन्माने गळ्यात पडलेली, दर न ठरवता करावी लागणारी, नाही म्हणता न येणारी चाकरी होती. ज्या कामाचा दर आपण ठरवतो, पावती आपल्या नावाने देतो आणि जे नाकारता येते, त्याला आम्ही सम्यक आजीविका म्हणू. मात्र बापाने धुलाई केली म्हणून मुलाची शाळा सुटून तो गाडीवर आला, तर वडीलधाऱ्यांचे म्हणणेच खरे ठरले.

आणि नाकारण्याची वेळ येतेच. सोफा झाला की सोसायटीचा माणूस सहज म्हणतो, “आलाच आहात, तर तेवढे चेंबर पाहून घ्या, वरचे पैसे देतो.” आपली आडनावे ऐकूनच म्हणतो, हेही खरे. साफ नाही म्हणावे. २०१३ च्या कायद्याने गटारात, सेप्टिक टाकीत माणसाला संरक्षण साधनांवाचून उतरवणे गुन्हा आहे. आपण स्वतःही उतरू नये, दुसऱ्यालाही उतरवू नये.

दोघे-तिघे मिळून करणार असाल तर भागीदारीचे लिखित पत्र करा, मग भागीदार सख्खा मावसभाऊ का असेना. ज्या भगिनी आज घरोघर कामाला जातात, त्यांचे गिऱ्हाईक बांधलेले असते. त्यांना मदतनीस न धरता भागीदार धरावे, आणि पासबुकावर त्यांचे नाव असावे. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका. सेवा धंद्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. गाडीत काही कायमचे बसवायचे असेल तर आधी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारा.

कर्जासाठी बँकेत मुद्रा योजनेची आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात बीज भांडवलाची चौकशी करावी. दाखला काढताना ‘बौद्धांना हे लागू नाही’ असे कुणी टेबलावरून सांगितले तर १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या आहेत, हे नम्रपणे सांगावे आणि अर्जाची पोच मागून घ्यावी. दिवाळीआधीचे दीड-दोन महिने या धंद्याचा हंगाम असतो. कागदांना वेळ लागतो, तेव्हा अर्ज पावसाळा लागण्यापूर्वीच टाकावा.