संगिनींच्या टोकावर आणलेली क्रांती

समाजवाद हा जर न्यायाचा मार्ग असेल, तर तो शेजाऱ्याच्या सैन्याने आणून दिला म्हणून बिघडले कोठे, असा युक्तिवाद सुशिक्षितांच्या तोंडून अजूनही ऐकू येतो. आम्हांला तो मुळीच मान्य नाही. त्याच्या खंडनासाठी क्रांतीच्या शत्रूंना साक्षीस बोलावण्याचीही गरज नाही. पोलंडमधील १९२० चा उन्हाळा पुरेसा आहे.

त्या युद्धाचा दोष एकट्या मॉस्कोचा नव्हता. मे महिन्यात पिलसुडस्कीच्या फौजा कीव्हमध्ये शिरल्या होत्या. परंतु पोलिश सैन्य मागे रेटले गेले आणि लेनिनला मोह पडला. लाल सेना वॉर्साच्या वेशीवर दिसताच तेथील कामगार उठाव करतील, अशी त्याची अटकळ होती. जुलैअखेर ब्यावीस्तोक येथे क्रांतिकारी समितीने कारभार हाती घेतला. मार्खलेव्स्की, जेर्झिन्स्की, कोन ही तिच्यातील मंडळी पोलिशच. पण आली ती परक्या सैन्यामागोमाग. गरीब शेतकऱ्याला हवी होती जमीन. समितीने जमीनदारांच्या इस्टेटी वाटून दिल्या नाहीत. मोठी शेती अखंड ठेवावी, असे पोथीत होते ना! इकडे वॉर्सात २४ जुलै रोजी विटोस हा शेतकरी पंतप्रधान झाला आणि समाजवादी पुढारी डाशिन्स्की त्याचा उपपंतप्रधान. १२३ वर्षांच्या पारतंत्र्यानंतर १९१८ मध्ये परत मिळालेला देश कोणाच्या कल्याणासाठी पुन्हा गमवायचा? कामगार आणि शेतकरी स्वयंसेवक म्हणून पुढे आले, ते लाल सेनेविरुद्ध.

ऑगस्टमध्ये लाल सेना परतवली गेली. या विजयाला आपल्याकडील भाविक ‘विस्तुलेवरील चमत्कार’ म्हणतात. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण त्याच दिवसांतला. त्या श्रद्धेचा मान राखूनही आम्ही म्हणू की, शेतकऱ्याने आपला शत्रू ओळखला, हे समजण्यास चमत्काराची आवश्यकता नाही. पोलिश लोकांना लाल सैनिकांत बंधू नव्हे तर वैरी दिसले, हे पुढे खुद्द लेनिनने क्लारा झेटकिनजवळ मान्य केले.

धडा मात्र कोणी घेतला नाही. १९३८ मध्ये मॉस्कोतूनच पोलिश कम्युनिस्ट पक्ष विसर्जित करण्यात आला. त्याचे बहुतेक पुढारी स्टालिनच्या राज्यात मारले गेले. घरचे क्रांतिकारक असे संपवून १९४४ मध्ये लुब्लिन येथे पुन्हा सैन्यामागून सरकार आणले गेले. ते चार दशके टिकले, हे खरे. टिकले म्हणजे रुजले काय?

या इतिहासाचा आधार घेऊन कामगारांची प्रत्येक मागणी परकीय ठरविणारे आपल्याही चर्चच्या बाकांवर बसतात. त्यांनी १९८० चे ग्दान्स्क आठवावे. तेथील गोदीतला संपकरी कारखानदारांचे राज्य मागत नव्हता. त्याच्या एकवीस मागण्यांतील पहिली होती स्वतंत्र कामगार संघटनेची, आणि ती त्याला ‘कामगारांचे राज्य’ म्हणविणाऱ्यांकडेच करावी लागली.