मेंदूला दोन भाषा जड आहेत काय?

अठराव्या शतकात पवारांबरोबर मराठी भाषा माळव्यात आली आणि धार व देवास येथील घराघरांत स्थिरावली. घरी मराठी, शाळेबाहेर हिंदी आणि हाटात माळवी, असा आपला परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. परंतु अलीकडे पुष्कळ मराठी घरांतूनही मुलांशी केवळ हिंदीतच बोलले जाते. दोन भाषांनी कोवळ्या मेंदूवर भार पडतो आणि मुलाचा गोंधळ उडतो, असे त्याचे कारण सांगतात. ही समजूत शास्त्राच्या कसोटीवर उतरते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

१८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. मेंदूच्या डाव्या अर्धाच्या पुढील भागास इजा झालेली त्यांना आढळली. तेव्हापासून वाणी आणि मेंदू यांच्या संबंधाचा शोध अखंड चालू आहे. दोन भाषा जाणणारा मनुष्य एक भाषा बोलत असताना दुसरी अगदी निद्रिस्त नसते. नको असलेला शब्द मागे सारण्याचे काम मेंदूस करावे लागते, असे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे. या कामाने मुलांची बुद्धी मंदावते काय? १९६२ साली कॅनडातील माँट्रियल येथे पील व लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा फ्रेंच व इंग्रजी दोन्ही चांगल्या जाणणारी मुले मागे तर नव्हतीच, उलट पुढेच होती.

आपल्या देशातील उदाहरण अधिक बोलके आहे. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या मानाने एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा रोग सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागला होता. निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला; म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही.

तथापि घाईने निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. न्यूयॉर्कमधील वृद्धांच्या दीर्घ पाहणीत असा लाभ आढळला नाही, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. म्हणून मराठी बोलल्याने म्हातारपणी स्मृती शाबूत राहील, अशी लालूच मी कोणास दाखविणार नाही. परंतु दुसऱ्या भाषेने मुलाचा मेंदू दबून जातो, या भीतीस आधार नाही, एवढे निश्चित. धार जिल्ह्यात घरी भिली बोलून शाळेत हिंदी शिकणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे.

तेव्हा पालकांनी निःशंक मनाने मुलांशी मराठीत बोलावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, आपणही रोज घरी एक पान मराठी मोठ्याने वाचावे. हिंदीचे त्यात काहीही उणे होणार नाही. आपली मराठी मात्र टिकेल.